महिन्याला एक थेंब

निलगिरीच्या तेलाशी माझं काही भांडण नाही. गुडघे ठणकले की मी अजूनही वाटीत खोबरेल घेते, त्यात निलगिरीचे चार थेंब टाकते आणि चोळून घेते. तोंडाला लावत नाही, पोटात तर कधीच नाही, हात साबणानं धुतल्याशिवाय नातवंडाला उचलत नाही, आणि शिशी कुलपाच्या कपाटात. सुना हसतात. म्हणतात, आई शिशी बंदुकीसारखी ठेवते. हसा म्हणावं, हसायला काय जातं. माझं भांडण आहे ते एका माणसाशी, आणि त्याला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते मिटलेलं नाही.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीत जन्मभर कारकुनी करून घरी बसलेले. मी राजेगावकडची, लग्न होऊन बालाघाटात आले ती साठ सालानंतर. नवरा लालबर्ऱ्याला राइस मिलवर मुनीम, रविवारी घरी येणार. बाकीचे दिवस घरात सासू, सासरे आणि मी. सासऱ्यांशी सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत. त्यांना चहा हवा का, हेसुद्धा मी सासूला विचारायचं, सासूनं त्यांना विचारायचं, ते 'हौ' म्हणाले की ते 'हौ' परत सासूच्या तोंडून माझ्याकडे यायचं. सगळे एकाच खोलीत बसलेले असताना. मुलगा झाला तरी त्यांच्याशी मी अवाक्षर बोलले नव्हते.

मुलाला रोज घुटी द्यायची. सहाणेवर माझ्या दुधात वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ उगाळायचं आणि बोटानं चाटवायचं. लेकरू जितक्या महिन्यांचं, तितके सहाणेवर वेढे. हे माझ्या आईनं शिकवलं, सासूलाही तेच ठाऊक. पण सासरे एकदा गोंदियाला गेले आणि तिथून निलगिरीच्या तेलाची शिशी घेऊन आले. झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. शिंक आली की निलगिरी, पाय मुरगळला की निलगिरी. शेजारच्या बाया आल्या की पाटावर बसून त्यांना सांगायचे, "सारं जंगल या शिशीत उतरलं हाय. आता दगडावर घासत बसाचं काम नाई."

बाया माना हलवायच्या. कचेरीतला शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर कोण काय बोलणार?

मुलाला पाचवा महिना लागला आणि सर्दी झाली. नाक चोंदलेलं, दूध ओढता येईना, रडून रडून लाल व्हायचा. दुपारी मी सहाण मांडली तर सासरे सासूला म्हणाले, "हिले सांग, ते राहू दे. घुटीत मी तेल टाकून देतो. वेढ्याच्या जागी थेंब. महिन्याले एक."

 त्या तेलानं साधं डोकं चोळलं तरी डोळे चुरचुरायचे, हे मला ठाऊक होतं. मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, त्यायले म्हणा, पोटात नको. छातीले लावू, तेबी खोबरेलात मिसळून." खरं तर तेवढ्या लहान लेकराच्या छातीलाही लावू नये, हे मला नंतर कळलं. पण पोटात नको एवढी अक्कल मला होती. सासूनं माझं म्हणणं त्यांना सांगितलं. उत्तर आलं तेही सासूच्याच तोंडून, "ते म्हणतात, तेलच तर हाय. कचेरीत तीस वर्ष काय हजामत केली का?"

मी मुलाला घट्ट धरून बसले. सासूनं तो माझ्या मांडीवरून उचलला. ओढून घेतला म्हटलं तरी चालेल. सासऱ्यांनी चमच्यात दूध घेतलं, थेंब मोजून टाकले, त्याच्या जिभेवर ओतलं. वर एकेक थेंब दोन्ही नाकपुड्यांत, नाक मोकळं व्हावं म्हणून. मुलगा ठसकला. असा ठसकला की आवाजच बंद झाला. मग जोरात रडला, आणि सासरे म्हणाले, "पाहा, मोकळं झालं."

मोकळं कसलं! थोड्या वेळात त्याचं रडणं मंदावलं. मान टाकली. हाक मारली तर डोळे अर्धे उघडायचे आणि वर फिरायचे. श्वास एकदा यायचा, मग मी वाट पाहायची, मग एकदा यायचा. सासू म्हणाली, "झोपला. गुण आला." मी मुलाला उचललं आणि चपला न घालता रस्त्यावर आले, समोरच्या सायकल रिक्षावाल्याला म्हटलं, दवाखाना. सासू धावत येऊन शेजारी बसली, सासरे मागून दुसऱ्या रिक्षात. वाटेत सासू त्याला उलटी व्हावी म्हणून घशात बोट घालायला पाहत होती. मी तिचा हात दूर ढकलला. का ढकलला, मला माहीत नव्हतं. कुणीही त्याला हात लावू नये, इतकंच वाटत होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं, वाकून पाहिलं, तेलाचा भपकारा त्यांनाही आला. सासऱ्यांना विचारलं, "तेल सिर्फ लगाया है, या पेट में भी गया?"

सासरे म्हणाले, "नहीं साहब. बस छाती पे लगाया था. सर्दी है बच्चे को."

मी ऐकलं. पुन्हा सांगते, माझ्या कानांनी ऐकलं. टेबलावर त्यांच्या मुलाचा मुलगा निळा पडत चाललेला, आणि या माणसाला काळजी कशाची, तर डॉक्टरसमोर आपण अडाणी दिसू नये. सासू जमिनीकडे पाहत उभी. तिलाही सगळं माहीत होतं.

डोक्यावरचा पदर कधी पडला ते मला कळलं नाही. मी सासऱ्यांकडे तोंड करून म्हटलं, "खोटं काहून बोलता?" त्या घरात आल्यापासून त्यांच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द. मग डॉक्टरांकडे वळले, "पिलाया है साहब. पाच बूंद दूध में. नाक में भी डाला."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि कामाला लागले. त्याचं नाक-तोंड पुसून घेतलं, नळीनं हवा लावली. "उलटी मत कराना, तेल फेफडे में चला जाएगा," असं सासूला दरडावून सांगितलं. रिक्षातला तिचा तो हात मला आठवला. सिस्टर त्याच्या टाचेवर टिचक्या मारत श्वास चालू ठेवत होती, आणि मी पलंगाचा गज धरून उभी होते. संध्याकाळी मुलगा रडला. ते रडणं ऐकून मी खाली बसले आणि मोठ्यानं रडले, सासऱ्यांसमोर, लाज न बाळगता.

दवाखान्यातून घरी आलो तर घर माझ्यावर रुसलेलं. सासरे माझ्या हातचं पाणी घेईनात. मुलगा कसा आहे, हे विचारत नाहीत. सासू कानाशी लागली, "चार माणसांत त्यायची इज्जत काढली तू. पाया पड." मी म्हटलं, रविवारी तुमचा मुलगा येऊ दे. मला वाटलं होतं, तो तरी माझ्या बाजूनं बोलेल. खुळी होते.

रविवारी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मी शिशी आणून त्याच्या हातात दिली. तिच्यावर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं. मला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं वाचून सांगितलं, फक्त बाहेरून लावण्यासाठी. म्हणजे सासऱ्यांनी हे वाचलेलं होतं. जन्मभर इंग्रजी कागद वाचणारा माणूस! नवऱ्यानं शिशी खाली ठेवली आणि म्हणाला, "तरीबी मोठे हायेत ते. माफी माग."

माझं टाळकंच फिरलं. मी वाटी आणली, शिशीतलं होतं नव्हतं ते तेल तिच्यात ओतलं आणि वाटी सासऱ्यांच्या पाटासमोर ठेवली. सासूमार्फत नाही, त्यांनाच म्हटलं, "महिन्याले एक थेंब. तुमचे महिने मोजा अन् प्या. मंग मी पाया पडतो."

 सासऱ्यांनी वाटीकडे पाहिलं, तोंड फिरवलं, धोतराचा सोगा नाकाला लावला. आणि सासूला म्हणाले, "हे उचलाले सांग हिले. वासानंच डोकं भणाणून राह्यलं."

दोन हात दूर बसून वास सोसवत नव्हता त्यांना. माझ्या लेकराच्या ते घशाखाली गेलं होतं.