मागं मी आहो

कुंदाताईंच्या रश्मीचा फोन आला तेव्हा मी ऑर्गनवरच बसलो होतो. "मामा, आई गेली सकाळी..." पाय सवयीनं भाता हलवतच राहिला. दोनच दिवसांपूर्वी भंडाऱ्याच्या दवाखान्यात कुंदाताईंनी मला दम भरला होता, आमच्या सोनाट्याचा शेवटचा भाग पक्का करून ठेवा म्हणून. महिना होत आला, पण ताईंबद्दल लिहायला बसलो की रडू येण्याआधी उत्साहच चढतो. त्याला माझा इलाज नाही.

कुंदाताई मेश्राम शहापूरच्या शाळेत संगीत शिकवायच्या, व्हायोलिन वाजवायच्या. मी मोहाडीचा, झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं ऑर्गनची साथ करणारा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात ताई झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन दारात उभ्या राहिल्या. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा युरोपातला सोनाटा, म्हणजे व्हायोलिन आणि पियानोसाठी बांधलेली रचना. पियानो कुठून आणायचा, असं मी विचारलं.

"तुम्ही पायानं हवा भरता ना भाऊ, दोन्ही हात मोकळेच राह्यते. अजून काय पाहिजे?"

मला ती युरोपी स्वरलिपी वाचता येईना, तर ताईंनी सगळा सोनाटा एका वहीत सरगमीत उतरवून दिला. उजवा हात निळ्या शाईत, डावा लाल. डाव्या हातालाही स्वतःचं काही म्हणायचं असतं, हे मला पन्नाशीत कळलं आणि मी अक्षरशः वेडा झालो.

पहिल्या तालमीत मात्र गंमत झाली. नाटकात आम्ही गाणाऱ्याच्या मागं राहतो, म्हणून मी ताईंसाठी थांबायचो. त्या काळच्या सोनाट्यात पियानो मुख्य आणि व्हायोलिन साथीला, असं ताईंनी वाचलेलं, म्हणून त्या माझ्यासाठी थांबायच्या. लय मंदावत मंदावत चक्क बंदच पडली. ताई पोट धरून हसल्या.

"दोघंही थांबून राहिलो, मंग जाईन कोण?"

"ताई, मले मागं राहाचीच सवय हाय."

"इथं मागं मी आहो. तुम्ही चाला."

बोलायला सोपं. कुणाच्या पुढं जायचं माझ्या हातांना ठाऊकच नव्हतं. वर्षभर रविवार घालवले, तेव्हा कुठे शाळेच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. आणि नेमका तिथंच, दुसऱ्या पानावर, मी घाबरून थांबलो. ताईंनी वेळ सावरून नेली नाही. व्हायोलिनचा गज उचलून धरला आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. समोर अख्खी शाळा, सरपंच... शेवटी मी निघालो. आणि मागून व्हायोलिन आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मागून येत होतं. तो आनंद मला अजून पुरतो आहे.

रश्मीनं वही माझ्याकडेच राहू दिली. रविवारी मी ती उघडतो, पाय भात्यावर ठेवतो. ताईंच्या जागा रिकाम्या जातात, तेवढ्या मात्रा मोजतो आणि पुढं सरकतो. पहिल्या सुराआधी मात्र अजूनही मान वळते, त्या सुरू करताहेत का पाहायला. मग आठवतं, त्या मागं आहेत. आणि मी चालू लागतो.