पसली चालते

सासूबाईंना मी एक गोष्ट वर्षभर सांगितली नाही. रोज जिभेवर यायची आणि मी तिच्या जागी भलतंच काहीतरी खेकसायचे. भाजीत मीठ किती घातलंत, टॉवेल ओला का ठेवलात, नळ नीट बंद का नाही केलात. सांगायचं होतं ते एवढंच, की आपलं बाळ तुमच्या चुकीनं गेलं आणि ती चूक तुम्हाला ठाऊकसुद्धा नाही.

भिवंडीची थंडी म्हटलं की बाहेरगावचे लोक हसतात. हसू देत. आमच्या टेमघरच्या चाळीत पहाटे अंगणातल्या डब्यांत कारखान्यातल्या चिंध्या पेटतात, त्यावर आंघोळीचं पाणी तापतं, आणि तो कडवट धूर दहा वाजेपर्यंत खालीच बसून राहतो. वर सुताचं बारीक तूस उडत असतं ते वेगळंच. डिसेंबर लागला की गल्लीतलं एक पोर शेंबडाशिवाय दिसेल तर शपथ. त्या वर्षी माझी मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा नऊ महिन्यांचा, नुकता भिंतीला धरून उभा राहायला लागलेला.

मी पूर्णा गावातल्या गोदामात कामाला. आलेल्या पार्सलांवर मशीन फिरवायचं आणि खोक्यात भरायचं. आत जाताना मोबाईल गेटवरच्या कपाटात ठेवावा लागतो, संध्याकाळी सुटल्यावरच हातात येतो. नवरा टेम्पोवर, कापडाचे ताके पोचवतो, तो कुठल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असेल देव जाणे. म्हणजे दिवसभर घर सासूबाईंचं. त्या गणेशपुरीच्या बाजूच्या. सगळं आयुष्य भाताच्या खाचरात गेलेलं, आमच्यासाठी म्हणून शहरात आल्या. पोरांचं त्यांनी काय नाही केलं? सकाळी कोमट तेल, मग ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची, मग कानटोपी. कानटोपी घालताना बाळ असं काही रडायचं की शेजारपाजारचे डोकावायचे, आणि या म्हणायच्या, रड, रडून आवाज मोकळा होतो. तेव्हा त्या माझ्याशी भांडायच्यासुद्धा. मी एक बोलले की त्या दोन. मला राग यायचा, पण खरं सांगते, घरात जिवंत माणूस आहे असं वाटायचं.

फक्त हिंदीचं त्यांचं काही जमलं नाही. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हिंदी, कारखान्यांत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला आलेली माणसं. माझी मुलगीसुद्धा खेळताना हिंदीतच भांडते. सासूबाई ऐकायच्या, त्यातला एखादा ओळखीचा शब्द पकडायच्या आणि उरलेलं अंदाजानं भरायच्या. दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी एवढ्यावर भागायचं. कुणी काही म्हटलं की यांचं ठरलेलं उत्तर, हा हा, चलता है.

जानेवारीत बाळाला खोकला झाला. सगळ्यांच्याच पोरांना होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून औषध आणलं, ताप उतरला, मी एक दिवस घरी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या हातातली चपाती ओढत होता. मी कामावर गेले.

त्या दुपारी तो दूध पीत नव्हता आणि कण्हत होता. सासूबाई त्याला घेऊन दारात उन्हाला बसल्या होत्या. समोरच्या खोलीतली बाई, मोठी भली बाई, नवऱ्याची शिफ्ट बदलायची म्हणून डबा घेऊन निघाली होती. ती वाकून बघून म्हणाली, "अम्मा, बच्चे की पसली चल रही है. दिखा दो."

ज्यांना हिंदी येते त्यांना याचा अर्थ सांगायला नको; पसली म्हणजे बरगडी. आपण मराठीत पोट उडतंय म्हणतो, लेकरू श्वासाला झगडायला लागलं की, तेच ते. डॉक्टरला दाखवा, असं ती सांगत होती. सासूबाईंनी दोन शब्द पकडले. चालते, म्हणजे बरं आहे. या गावात लूम चालला की घर चालतं आणि लूम थांबला की पंचाईत, चालणं कधी वाईट असतं का? आणि दिखा दो म्हणाली, तर यांनी झबलं वर करून बाळ तिलाच दाखवलं. तिला वाटलं, म्हातारीला कळलं. ती मान हलवून घाईघाईनं गेली, हे नंतर तिनंच मला सांगितलं. यांनी झबलं खाली केलं, त्याला शाल गुंडाळली आणि आत येऊन निजवलं.

मी संध्याकाळी आले. चपला काढतच विचारलं, कसा आहे. त्या चुलीपाशी होत्या, गॅसला त्या चूलच म्हणतात. चेहरा अगदी निवांत. म्हणाल्या, "बरा हाय. समोरची बाय दुपारची बघून गेली. बोलली, पसली चालते."

एक चप्पल माझ्या पायातच राहिली. मी शाल काढली. बरगड्यांच्या खाली श्वासागणिक खड्डा पडत होता आणि ओठ जांभळट दिसत होते. मुलीला समोरच्या बाईकडे सोडलं आणि रिक्षा धरली. बाळाला सासूबाईंनी घेतलं होतं, मला द्या म्हटलं तरी देईनात. पुलाखाली कंटेनरची रांग लागलेली, रिक्षा हलेना. मी रिक्षावाल्यावर ओरडत होते, आणि या बाळाच्या छातीवर हात ठेवून त्याला समजावत होत्या, "चालते रे बाला, चालते." मला वाटलं त्यांचा हात उपटून काढावा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं, पोट कधीपासून उडतंय. मी म्हटलं, दुपारपासून. त्या म्हणाल्या, दुपारीच का नाही आणलंत? सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, कारण मला उत्तर माहीत असणार असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, कळलं नाही.

सकाळी तो गेला. एवढ्या लहानाला जाळत नाहीत. नवऱ्यानं आणि दिरानं त्याला नेलं आणि पुरून आले. लोक येऊन बसायचे, थंडी बाधली म्हणायचे, कुणी नजर लागली म्हणायचं. मी ऐकून घ्यायचे. नवऱ्याला मी खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, आईला कळू देऊ नकोस, ती जगायची नाही.

मी गप्प बसले, पण त्यात माझा काही मोठेपणा नाही. त्या गावी निघून गेल्या असत्या तर मुलीला कोणी सांभाळलं असतं? आणि दुसरं म्हणजे, राग एकटीनं सांभाळायची मला सवय लागली. तो माझा होता. गोदामात लहान मुलांचे स्वेटर हातात यायचे तेव्हा मी तो मनात उकरून काढायचे. घरी आले की मीठ, टॉवेल, नळ. आणि सासूबाई उलटून एक शब्द बोलायच्या नाहीत. जी बाई एकाला दोन सुनावायची ती मान खाली घालून नळ बंद करून यायची. त्यानं मी आणखी चिडायचे. मला वाटायचं, नातवाच्या दुःखानं खचल्या. समोरचं बिऱ्हाड उन्हाळ्यात गावी गेलं ते परत आलं नाही. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, आता कोण सांगणार यांना.

या वर्षी पुन्हा थंडी पडली. परवा रविवारी मी भाजी निवडत होते, मुलगी बालवाडीतलं काहीतरी म्हणत घरभर नाचत होती. मध्येच तिला ठसका लागला. साधाच, एकदाच. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या पिठाच्या हातानं उठल्या, मुलीला उजेडात ओढलं, तिचा फ्रॉक वर केला आणि बरगड्यांवर डोळे लावून बसल्या.

कपाळाला हात लावला नाही. तळवे बघितले नाहीत. आयुष्यभर पोराला काही झालं की त्या आधी कपाळ, मग तळवे बघत आल्या होत्या. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

मी विचारलं, "आई, हे बघायला कोणी शिकवलं तुम्हाला?"

त्यांनी मान वर केली नाही. "समोरच्या बायनं. पोराला पुरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलते मी तिच्याकं. बोलले, मी तुला दाखवला व्हता ना, मंग तू काय बोललेलीस? ती रडली. मंग हातानं करून दाखवला तिनं, पसली कशी चालते ती."

म्हणजे वर्षभर. मी म्हणाले, मग तुम्ही बोलला का नाहीत.

"मी कशाला बोलू? तू बोलशील म्हणून बसलेले. तू मिठावरनं सुरू झालीस का मी भाकरी सोडून उभी राहायची. मनात बोलायची, आज ही बोलंल. तू मिठावरच थांबायचीस." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता तरी बोल. मी मारला त्याला, असा एकदा बोल मला."

वर्षभर घोटून तयार ठेवलेलं सगळं माझ्याकडे होतं. एकेक शब्द पाठ होता. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं, की फ्रॉक खाली करा, तिला गार लागतंय.

त्यांनी फ्रॉक खाली केला. मुलगी निसटून बाहेर पळाली. सासूबाई तिथेच जमिनीवर, पिठाचे हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे तोंड करून बसून राहिल्या. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास येत होता आणि आम्हा दोघींपैकी कोणीही उठलं नाही.