माईक घुमला तेव्हा

माझी पोरगी रांगायला लागली तरी आवाजाकडे वळत नव्हती. टाळी वाजवली, नाही. ताटावर चमचा मारला, नाही. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली की मीच दचकायची, ती आपली खेळत बसलेली. आमचे हे म्हणायचे, "तुझ्यासारखी घाबरट नाही ती, एवढंच." पण हेच गुपचूप तिच्या कानामागे चाव्यांचा जुडगा हलवून बघायचे, मी पाहिलंय. हॉस्पिटलात कानाच्या टेस्टची तारीख मागितली तर काउंटरवरची बाई म्हणाली, पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला. मला त्या इन्शाल्लाचीच भीती वाटली, कारण आमचा वॉचमन बंद पडलेल्या लिफ्टबद्दलही तेच म्हणायचा.

मध्ये बुद्धपौर्णिमा आली. पौर्णिमा कधीही असो, मस्कतमधली आमची माणसं ती शुक्रवारीच करायची, कारण सुट्टी तेव्हाच. कुणाच्या तरी व्हिलाचा हॉल, खाली चादरी, समोर मूर्ती. त्या वर्षी पहिल्यांदा भाड्याने माईक-स्पीकर आणलेले. दोन्ही स्पीकर मूर्तीच्या दोन बाजूंना ठेवले, आमच्याकडे तोंड करून, वर फुलांच्या माळा. आणि वंदना सांगणारे काका तर मूर्तीकडे तोंड करून बसणार, आमच्याकडे पाठ. म्हणून माईकपण तिथेच, स्पीकरच्या अगदी पुढ्यात. दिसायला छान दिसत होतं, कुणाला काही खटकलं नाही.

काकांनी वंदनेला तोंड उघडलं आणि माईक घुमला. आधी जाडसर, पोटातून आल्यासारखा, मग चढत चढत असा किंचाळला की बायकांनी पोरांचे कान दाबले. मी नाही दाबले. माझी पोरगी मांडीवर होती आणि मान वळवून स्पीकरकडे बघत होती.

मी ह्यांना कोपराने ढोसलं. हे म्हणाले, "योगायोग असेल. सगळे हलले म्हणून बघितलं असेल तिने."

आमच्या वरच्या मजल्यावर एक इंजिनीअर भाऊ राहायचे. माईकचं काम त्यांच्याकडे होतं, त्यांनीच धावत जाऊन बटण खाली केलं. खिरीच्या रांगेत मी त्यांना गाठलं. म्हटलं, "भाऊ, तो मघाचा आवाज परत काढता येईल का?"

ते कसनुसे हसले. "वहिनी, सगळ्यांची माफी मागून झाली. आता तुम्हीपण टोमणे मारा."

त्यांची बायको, मी तिला ताई म्हणायची, मागून बोलली, "मारा मारा. घरीपण मुद्दाम हाच आवाज काढतात, गिटार घेऊन. शेजारचे भिंत ठोकतात."

मुद्दाम, हे ऐकलं आणि मला राहवेना. असा कानाला चावणारा आवाज कुणी मुद्दाम का काढेल? आणि मुद्दाम निघत असेल तर माझ्या पोरीसाठी परत निघेल.

पुढच्या शुक्रवारी दुपारी आम्ही वर गेलो. भाऊंनी आधी मला समजावलं. माईक आवाज घेतो, स्पीकर मोठा करून बाहेर टाकतो, माईक पुन्हा तोच घेतो, असं गोल गोल फिरत ते वाढतच जातं. गिटारचंही तसंच. तिची वायर स्पीकरला जोडलेली, जवळ धरली की स्पीकरच्या आवाजाने तार हलते, तार हलली की स्पीकर अजून वाजतो, बोट न लावता. मग त्यांनी एक जुनी विलायती कॅसेट लावली. गाणं साठ-पासष्ट सालच्या आसपासचं, म्हणाले. गाणं सुरू व्हायच्या आधी एक तार टण् वाजते आणि मग नुसतीच घुमत राहते, रिकाम्या डब्यात भुंगा अडकल्यासारखी. "हे चुकून झालेलं," भाऊ म्हणाले, "पण त्या बँडच्या पोरांनी ते रेकॉर्डमध्ये तसंच ठेवलं."

"पहिल्यांदा ह्या पोरांनीच केलं?"

"त्यावर अजून भांडणं चालतात. त्याआधीच्या रेकॉर्डींतपण कुठे कुठे तो आवाज शिरलेला सापडतो. स्टेजवर तर कुणाकुणाचा होतच असणार. पण रेकॉर्डिंगच्या खोलीत असं झालं की आधी लोक बटण खाली करायचे."

"मग ह्या पोरांनी का नाही केलं?"

भाऊंनी कॅसेट बंद केली. "आवडला असेल."

मला ते फार नवल वाटलं. आमच्या हॉलमध्ये सगळ्यांनी कान दाबले, आणि कुठे तरी कुणी तरी तोच आवाज ऐकून म्हणालं असेल, थांब, बंद करू नको.

मग भाऊंनी गिटार स्पीकरसमोर धरली. जाड तार घुमायला लागली. पोरगी गालिच्यावर बसलेली, लगेच वळली. माझे डोळे भरून आले. पण ताई म्हणाली, "थांब ग, आत्ताच रडू नको. खालून थरथर लागत असेल तिला. माझ्या पायाला पण लागतेय."

खरंच होतं. मी पोरीला उचललं, खांद्यावर घेतलं, पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले, तिची पाठ दाराकडे. हे दारात, तिच्या मानेकडे बघत. आत भाऊंनी परत जाड तार घुमवली. पोरीने मान वळवली. ह्यांनी मान डोलावली. मग बारीक तार. तो आवाज तर हॉलमधल्या किंचाळण्यासारखाच, माझे दात शिवशिवले. पोरगी माझ्या मंगळसूत्राशी खेळत राहिली. परत जाड, वळली. परत बारीक, काही नाही.

तेव्हा मला आठवलं. हॉलमध्येसुद्धा माईक किंचाळायच्या आधीच ती वळली होती, तो नुसता घुमत होता तेव्हा. टाळी, चमचा, चाव्या, बेल, सगळे बारीक आवाज.

महिन्याने हॉस्पिटलात मशीन लावून टेस्ट झाली. डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या, मोठे जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत, कानाला मशीन लावलं तर बोलायला शिकेल. मी म्हटलं, जाड-बारीकचं माहीत होतं. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "गिटार बजाके देखा था." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आधी ते सगळं सांगायला लावलं.

कानाचं मशीन आलं. पहिल्याच दिवशी मी तिला छातीशी धरलं आणि मशीनने बारीक शिटी मारली. वाटलं बिघडलं, एवढ्यात बिघडलं. तिला लांब केलं, शिटी बंद. जवळ घेतलं, परत सुरू. मग कळलं, हे तर तेच. त्या एवढ्याशा मशीनमध्ये माईकपण आहे आणि स्पीकरपण, मी चिकटले की आवाज माझ्यावर आपटून मागे फिरतो आणि गोल गोल फिरायला लागतो. मी ह्यांनापण समजावून सांगितलं.

आता ती धावते, बोलते, थोडं तोतरं. परवा सोफ्यावर बसून तिने स्वतःच कानावर पंजा धरला. शिटी वाजली. हात काढला, थांबली. परत धरला. मान तिरपी करून ऐकत होती, तोंड उघडं. एवढा बारीक आवाज, आणि ती ऐकत होती.

आतून हे म्हणाले, "अगं, तिचा हात काढ कानावरचा."

मी म्हटलं, "राहू द्या. आवडलाय तिला."