बाबुरावांची तांबूस शेवंती

बाबुराव,

नमस्कार. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. आज आम्ही सगळे माझ्या अंगणात जमलोय. सुलोचनावहिनी समोरच बसल्यात. तुम्हाला एक वाईट बातमी द्यायची आहे, ती आधी देऊन टाकते. तुमच्या झाडाचं आम्ही वाटोळं केलं. कोणी केलं, ते मला ठाऊक नाही. पण तो माणूस याच अंगणात बसून तुमच्या बायकोच्या हातच्या सांबारवड्या खातोय.

एवढं वाचून शालिनीताईंनी कागद खाली केला आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. कोथिंबिरीच्या त्या वड्या खाणारे हात थांबले.

चंदीगडच्या या शेवंतीवाल्या मंडळींचा रिवाजच तसा. सभासद गेला की फोटोला हार नाही, भाषणं नाहीत. डिसेंबरात शेवंत्या फुलल्या की कुंड्या घेऊन एकत्र यायचं आणि गेलेल्याला पत्र वाचून दाखवायचं. ताईंनी जन्मभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेली. गुळमुळीत बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

बाबुराव खळतकर मूळचे नागपूरकडचे. हवाई दलात विमानाची इंजिनं दुरुस्त करता करता इथे आले आणि निवृत्तीनंतर शहराच्या कडेला मनीमाजऱ्यातच घर घेऊन राहिले. सायकलच्या कॅरियरला कुंडी बांधून सेक्टर पस्तीसला ताईंच्या घरापर्यंत यायचे. बूट चकचकीत, शर्टाला कडक इस्त्री, घड्याळ पाच मिनिटं पुढे. एवढा शिस्तीचा माणूस, पण शेवंतीच्या बाबतीत पक्का बंडखोर. बाकीची मंडळी एका फांदीवर एकच कळी ठेवून बाजूच्या खुडतात, म्हणजे फूल ताटलीएवढं होतं. बाबुरावांना ते बघवायचं नाही. "काऊन खुडून राहिले बाप्पा? झाड म्हणजे का परेड आहे, एकानंच पुढे यायला?" असं म्हणून ते रुसून बाजूला बसायचे. चहा आला की परत यायचे.

त्यांनी स्वतः बी धरून एक नवी शेवंती तयार केली होती. विटेसारखी तांबूस, लहान लहान फुलांची. बायकोला चकित करायचं म्हणून ती ताईंच्या अंगणात लपवली. गेल्या वर्षी पहिल्यांदा फुलली ती घोसांनी, पान दिसेना. पण वहिनी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला नागपुरात. "पुढच्या साली दाखवू," बाबुराव म्हणाले, आणि एप्रिलात गेले. झाड एकच. ते वहिनींना फुललेलं दाखवायचं, एवढं एकच काम ताईंनी वर्षभर डोक्यात ठेवलं होतं.

ऑक्टोबरात नेमकं त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी नीट दिसायला लागलं तेव्हा ताईंनी पाहिलं, तर अख्ख्या झाडावर कळी उरलेली एक!

"बोला," ही सारी हकिकत पत्रातून वाचून झाल्यावर ताई म्हणाल्या. "कोणी हात लावला?"

कर्नल अंबरीश खाकरले. "ताई, मी तुम्हाला बघायला आलो होतो. बाजूच्या कळ्या तशाच राहिलेल्या दिसल्या. म्हटलं, बाबुरावांचं झाड आहे, आबाळ नको. दोन-चारच खुडल्या."

"दोन-चार?"

"प्रत्येक फांदीवरच्या."

ऋजुता मोहालीला नॉलेज सिटीत संशोधन करते. तिनं पदराआड तोंड लपवावं तशी शाल ओढली. "मी दुसऱ्या दिवशी आले. तीन फांद्या कमजोर वाटल्या, म्हणून..."

"कापल्यास?"

"प्रेमानं कापल्या हो!"

"तो बाकी मैंने," हरजिंदरजींनी दोन्ही कान पकडले. "मला वाटलं, शालिनीजींना दिसत नाही, सेवा करावी. यार बाबुराव, माफ कर दे!"

वहिनी पहिल्यांदा हसल्या. मग पोट धरून हसल्या. "अगं बाई! इतके दिवस हे माझ्यामागं असं करून राहिले होते? आणि तुम्ही सगळ्या हुशारांनी मिळून... दाखवा तर खरं!"

ताईंनी कुंडी पुढे आणली. एकच फूल, पण चांगलं वाटीएवढं, दाट तांबूस. वहिनींनी ते फिरवून फिरवून पाहिलं, आणि कोणाला काही कळायच्या आत देठ मोडून अंबाड्यात खोवलं.

"हाय रब्बा!" हरजिंदरजी ओरडले. फूल असं खुडलेलं या मंडळींनी कधी पाहिलं नव्हतं.

"अन् काय करू मग? लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, घरात फुलंच फुलं, पण डोक्यात घालायला एक तोडू देतील तर शपथ!" वहिनींनी मान वळवून दाखवली. "कसं दिसते?"

"झकास," कर्नल म्हणाले, आणि मग हशा कोणाला आवरेना. ऋजुतानं खाली वाकून माती चाचपली. मुळाशी सहा फुटवे होते. प्रत्येकाला एक मिळणार होता, आणि पुढच्या वर्षी कोणीही कळ्या खुडायच्या नाहीत अशी शपथ ताईंनी जागेवर घ्यायला लावली.

"नाव काय ठेवलं होतं हो त्यांनी याचं?" वहिनींनी विचारलं.

ताई उठून आत गेल्या आणि झाडाचं नाव लिहून कुंडीत खोचायची पत्र्याची एक पट्टी घेऊन आल्या. पांढऱ्या रंगाची, कोरी. ताईंचं अक्षर चांगलं म्हणून मार्चअखेरीस बाबुराव ती देऊन गेले होते. नाव तेव्हाच सांगत होते. ताई पेपर तपासत होत्या. "आत्ता नका डोकं खाऊ. गुरुवारी या, समोर बसवून लिहिते," असं त्या म्हणाल्या होत्या.

गुरुवारी ताईंना बँकेत जावं लागलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी बाबुराव नव्हते.