नव्या गाडीचा हार

अकोल्यात जठारपेठेच्या कोपऱ्यावर झेंडूचे हार विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. खांद्यावरची काळी पिशवी तो फुलं ओवतानाही उतरवत नसे.

नवी मोटरसायकल घेऊन गेलो, तर त्यानं हार माझ्याच हातात दिला.

"तुमीच बांधा भाऊ. नव्या गाडीले मी हात नाही लावत."

"काहून?"

त्यानं मनगट पुढे केलं. "नाडी पाहा."

मी चाचपत राहिलो. हात गरम होता, माणूस समोर हसत होता, आणि नाडी लागतच नव्हती.

"छातीत पंप बसवला हाये. तो सारखा रक्त फेकते, म्हून ठोके नाहीत. पिशवीत बॅटऱ्या हायेत. कोनाचं हृदय भेटेपर्यंत असंच. अन् भेटते ते बहुतेक गाडीवरून पडून गेलेल्या जवान पोराचं. हार बांधता बांधता मनात काय येते... मले माह्याच मनाचं भेव लागते."

हार मीच बांधला.

आता तिथून जाताना मी हेल्मेटची काच खाली घेतो. तरी तो ओळखतो. आरशात दिसतं, सुई हातात तशीच धरून तो माझ्याकडे बघत असतो. त्या नजरेत काळजी असते की वाट पाहणं, हे मला अजून सांगता येत नाही.