सुग्रीवच्या हातचं पाणी

नंदाबाईला सिनेमा बघायला बसवणं म्हणजे सिनेमाशी भांडायला बसवणं. टीव्हीतल्या खाष्ट सासवांना ती तोंडावर शिव्या देते, चोर दाराआड लपला की ओरडून घरच्यांना सावध करते, आणि दुष्ट माणूस एकदाचा मेला की समाधानाने चहा टाकायला उठते. अडुसष्ट वर्षांची बाई. सून सुरेखा म्हणते, "आत्याबाई, तुमच्यासंगं सिनेमा बघायचा म्हंजी दोन सिनेमे बघायचे."

त्या रविवारी दुपारी सुरेखाने लावलेला सिनेमा परदेशातला होता, हिंदीत बोलणारा. गोऱ्या माणसांच्या घरात एक काळी बाई राबत असते. मालकिणीच्या अंगावर दूध नसतं, म्हणून ती स्वतःचं लेकरू अर्धपोटी ठेवून मालकिणीच्या पोरीला पाजते. पोर मोठी होते, लग्न करून शहरात जाते. पुष्कळ वर्षांनी भर बाजारात ती काळी बाई, आता म्हातारी झालेली, तिला लाडाच्या नावाने हाक मारते. पोरीसोबत चार मैत्रिणी असतात. पोर थांबते, म्हातारीकडे बघते आणि मैत्रिणींना सांगते, मी हिला ओळखत नाही.

"तुझ्या तोंडाला आग लागो!" नंदाबाई ओरडली. "जिचं दूध प्याली, तिला वळखत न्हाई व्हय गं भवाने? लोकं बघून राह्यले म्हणून..."

आणि मधेच तिची जीभ थांबली. सुरेखाने वळून पाहिलं, तर सासूने पदर तोंडात कोंबला होता आणि ती हमसून हमसून रडत होती.

"आत्याबाई, सिनेमा हाय तो. काहून रडून राह्यल्या?"

"बंद कर ते," नंदाबाई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि मागच्या अंगणात जाऊन बसली.

आता ती का रडली हे सांगायचं तर अडतीस वर्षं मागे जावं लागतं. वडीगोद्रीच्या पलीकडे नंदाबाईच्या घरची काळी जमीन आहे. पिकं निघाली की त्रिंबक धनगर दरसाल आपली मेंढरं घेऊन तिथे उतरायचा. शेतात वाघूर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण, रात्रभर मेंढरं त्यात बसवायची, दुसऱ्या दिवशी वाघूर चार पावलं पुढे सरकवायची. असं करत महिनाभरात सगळ्या वावराला लेंडीखत मिळायचं आणि त्रिंबकला ज्वारी मिळायची. नंदाबाईचा नवरा पुंजाराम म्हणायचा, आपल्या शेतात निम्मं पीक माझं आणि निम्मं त्रिंबकच्या मेंढरांचं. पुंजाराम गेला, त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

त्या साली त्रिंबकची बायको सुगंधाबाई दिवस भरलेली होती. गडीमाणसं मेंढरांमागे लांब गेलेली आणि हिला भर दुपारी कळा सुरू झाल्या. भाकरी घेऊन आलेल्या नंदाबाईने डोक्यावरची पाटी टाकली, बांधावरच्या बाभळीला लुगडं बांधून आडोसा केला आणि सुगंधाला मोकळं केलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. दगडावर पाणी ओतून विळा धुतला, त्यानेच नाळ कापली. हात इतके थरथरत होते, की सुगंधाच तिला धीर देत होती. नाळ त्याच बाभळीखाली पुरली. पोराचं नाव सुग्रीव ठेवलं तेही नंदाबाईनेच.

पुढे सुग्रीव तिला मोठी माय म्हणायचा. मेंढरं उतरली की आधी घरी यायचा आणि तिच्या चुलीपुढे बसून गूळ मागायचा. तिचा थोरला कल्याण आणि हा, दोघं एका ताटात जेवले. त्रिंबक वारला तेव्हा मेंढरं विकली आणि सुग्रीवने वडीगोद्रीला हायवेला चहाचं हॉटेल टाकलं. पहिल्या दिवशीचा पहिला कप मोठ्या मायने घेतला होता. चहात साखर जास्त झाली म्हणून तिने त्याला चारचौघांत बोलूनही घेतलं होतं. तो हसत होता.

मग दोन वर्षांपूर्वी सगळीकडे जातीजातींत वारं फिरलं. त्यांची माणसं, आपली माणसं. कुणी सुरू केलं हे विचारायला गेलं तर दोन्हीकडून बोट समोरच्याकडेच जातं, तेव्हा ते राहू द्या. गावातल्या माणसांनी मारुतीच्या पारावर हात वर करून शपथ घेतली, त्यांच्या दुकानाची पायरी चढायची नाही. कल्याणनेही हात वर केला. घरी येऊन म्हणाला, "माय, सुग्रीवच्या हॉटेलात बिलकुल जायचं न्हाई. गाव वाळीत टाकीन आपल्याला." नंदाबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली. माणूस असाच असतो.

आणि गेल्या वैशाखातली ती दुपार. भावकीतल्या चार बायकांसोबत ती वडीगोद्रीच्या फाट्यावर बसची वाट बघत उभी होती. डांबर पायाला चिकटत होतं. समोरून सुग्रीव रस्ता ओलांडून आला, हातात पाण्याने भरलेला तांब्या.

"मोठी माय, पाणी घ्या. अन् जरा इकडं येता का बाजूला?"

चारही बायका बघत होत्या. नंदाबाईने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला, ज्याला तिने जगात आणलं त्याच्यासमोर, परका पुरुष आल्यासारखा, आणि पाठ फिरवली. सुग्रीव क्षणभर तांब्या धरून उभा राहिला, मग परत गेला. एकीने मुद्दाम विचारलं, "कोण गं हा?" नंदाबाई म्हणाली, "काय म्हाईत."

सिनेमातल्या पोरीनेही तेच केलं होतं. तिथे निदान कातडीचा रंग तरी वेगळा होता, नंदाबाई अंगणात बसून विचार करत होती. ही गोरी, ती काळी, लांबून कळतं. सुगंधाच्या आणि माझ्या हाताला हात लावून पाहिला तर कुणाचा कोणता सांगता यायचा नाही, दोघींचे उन्हाने सारखेच करपलेले. मग आम्ही काय बघून वेगळं झालो? तिला स्वतःची शिसारी आली.

सोमवारी सकाळी ती कुणाला न सांगता निघाली. फडक्यात गुळाचा खडा बांधून घेतला होता. सुग्रीवच्या हॉटेलची पायरी ती सगळ्या फाट्यादेखत चढली. बघणाऱ्यांनी बघितलं. गल्ल्यामागून सुग्रीवने मान वर केली. त्याच्या कानशिलाचे केस पांढरे झाले होते.

"बसा मावशी. काय देऊ, चहा?"

मावशी. वाटेने जाणाऱ्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईला म्हणावं तसं. नंदाबाई बाकड्यावर बसली.

"सुग्रीव, मी चुकले रे. त्या दिवशी तुझ्या हातचं पाणी..."

"जाऊ द्या. लोक व्हते. तुमची बी अडचण व्हती."

"सुगंधा कुठं हाय? तिच्या पाया पडते मी. घरी हाय का?"

सुग्रीवने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आई गेली. वैशाखातच."

नंदाबाई एकदम चिडली, दुःखात माणूस चिडतो तशी. "अन् मला सांगितलं न्हाई? मी मेली व्हती का?"

"सांगायला आल्तो." त्याचा आवाज चढला नाही. "आईनं आठ दिवस जप लावला व्हता, नंदाबाईला बोलाव, एकदा बघू दे. कल्याणदादाला फोन केला, उचलला न्हाई. मंग तुम्ही फाट्यावर दिसल्या. म्हणलं पाणी द्यावं अन् बाजूला घेऊन बोलावं. तुम्ही पदर घेतला. मंग मी न्हाई बोललो."

नंदाबाईने विचारलं, "अन् तिला काय सांगितलं तू?"

"काय सांगू? म्हणलं, गेल्तो, पण मी पोचायच्या आत बस निघून गेली, गाठ पडली न्हाई. तर मलाच बोलली, जल्दी जाया येत न्हाई का तुला. दोन दिवसांनी गेली." तो थांबला. "तुमच्यावर राग न्हाई धरला तिनं. तिला म्हाईतच न्हाई."

त्याने पाण्याचा ग्लास आणून तिच्यापुढे ठेवला. नंदाबाईने तो दोन्ही हातांनी उचलला, ओठांपर्यंत नेला, पण घोट काही उतरेना. हात तसेच थरथरत होते, विळा धरला होता तेव्हासारखे. आज धीर द्यायला सुगंधा नव्हती. तिने ग्लास खाली ठेवला आणि गूळ त्याच्यापुढे सरकवला.

"मला एकदा मोठी माय म्हण रे," ती म्हणाली. "एकदाच म्हण."

सुग्रीवने गुळाकडे पाहिलं. मग बाहेर, रस्त्याकडे.

"तुमची बस आली, मावशी," तो म्हणाला.