रेतीत भाजलेलं सोयाबीन

अड्याळच्या बाजारात रुखमाचे मुरमुरे सगळ्यांत आधी संपत. तापलेल्या रेतीत तांदूळ टाकायचा आणि फुलला की लगेच चाळून काढायचा, हे तिच्या हातात बसलेलं. बाळंतीण सुनेच्या, डिंपलच्या, अंगात ताकद यावी म्हणून आणलेलं सोयाबीनही तिने तसंच झटक्यात भाजलं. टरफलं तडकली, खमंग वास सुटला. ते दळून तिने पेज सुरू केली.

पेज पिऊन डिंपलच्या पोटात कळा येऊ लागल्या.

"नखरे कायले करतं? तुह्यासाठीच भट्टीपाशी जळून राहिली मी," रुखमा रोज करवादायची. डिंपल डोळे मिटून वाटी रिकामी करायची.

आज दुसरा घाणा काढताना रुखमाने एक दाणा चावून पाहिला. वरून तांबूस, आतून कच्चा. तोंडात कच्च्या शेंगेचा उग्र हिरवा वास. मागच्या साली कच्चं सोयाबीन खाऊन गाय फुगली, तेव्हा दावं ढिलं बांधलं म्हणून तिने नवऱ्याला आठवडाभर फाडून खाल्लं होतं.

ती तशीच घरात गेली. तिला पाहताच डिंपल उठून बसली आणि तिने वाटीसाठी हात पुढे केला.

"आता नाही दुखत मले, आई. द्या."